गुडघ्याची गोळी आणि धोंड्याचं जेवण

धोंड्याच्या जेवणाला सासुरवाडीला गेलो, आदल्या संध्याकाळी दारू प्यालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उपाशीपोटी चार जातींच्या दुखण्याच्या गोळ्या गिळल्या. यातलं काहीच मला कुणी हात धरून करायला लावलेलं नाही. गोळ्या काही लोकांनी दिल्या हे खरं, पण तोंड माझंच होतं.

मी पट्टीचा पिणारा नाही, हे आधीच सांगून टाकतो. वर्षातून कधीमधी, आणि तेही वाईट. ज्याला प्यायचं जमतं त्याची दुसरी सकाळ निदान माणसासारखी उजाडते. माझी सकाळ अशी उजाडते की, डोक्याचा पाटा करून कुणीतरी त्याला टाकी लावायला बसलंय. हे माहीत असूनही मी पितो. पुढचं सगळं त्या मानानं किरकोळ आहे.

सासुरवाडीत मात्र मी निर्व्यसनी आहे. लग्नाच्या बैठकीत आमच्या चुलत्यानं सांगितलं होतं की, पोरगा सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. ते सुपारीपुरतं खरं होतं. बाकीचं समोरच्या मंडळींनी आपल्या मनानं धरलं. मी नांदेडच्या एका शाळेत मराठी शिकवतो, आणि मास्तर म्हटलं की लोक असलं बरंच काही मनानं धरतात. ती इज्जत मी लातूरला गेलो की इस्त्रीच्या शर्टासारखी घालतो, चुरगळू नये म्हणून अवघडून बसतो आणि परत आलो की काढून खुंटीला लावतो.

त्यात सासरे एसटीतून निवृत्त झालेले. डेपोत वाहतूक नियंत्रक होते. गाडी बाहेर काढायच्या आधी ड्रायव्हर शुद्धीवर आहे का, हे बघायचं काम त्यांच्याकडं असायचं. सासूबाई अजून कौतुकानं सांगतात की, आदल्या रात्री घेतलेला ड्रायव्हर यांच्या खिडकीसमोरून जाताना श्वास धरून जायचा. अशा माणसाच्या घरी पिऊन जायला एक तर जिगर लागते किंवा डोकं नसावं लागतं. जिगर माझ्याकडं कधीच नव्हती.

बायको लेकरांना घेऊन आधीच पोचली होती. मी मागून एसटीनं गेलो. स्टँडवर मेहुणा मोटारसायकल घेऊन उभा. उद्याच्या पूजेला फुलं आणायची आहेत, असं घरी सांगून तो निघाला होता, आणि फुलांच्या नावानं त्यानं गाडी औसा रोडला काढली ती थेट त्याच्या दोस्ताच्या शेडवर. मी म्हणालो, अरे, अधिक महिना आहे, आणि मामांना वास लागला तर माझी पुरती बेअब्रू होईल. तर म्हणाला, “दाजी, बाबाचं नाक गेलंय. कोरोना झाल्यापासून दूध करपलं तरी कळत न्हाई त्यांला. बिनघोर बसा.”

बिनघोर बसलो. पहिला पेग त्याच्या आग्रहानं घेतला, दुसरा त्याचं मन राखायला. पुढचे मोजायचं काम मी त्याच्यावर सोपवलं आणि त्यानं ते माझ्यावर.

उठताना मेहुण्यानं खिशातून गोळ्यांच्या पाकिटाचा एक तुकडा काढला आणि दोन गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. त्याचं शास्त्र असं की, सकाळी डोकं दुखणार हे जर ठरलेलंच आहे तर दुखायची वाट कशाला बघायची, आधीच गोळी टाकून ठेवावी. सोयाबीनवर अळी पडायच्या आधी फवारणी करतात तसं. मला हे इतकं पटलं की, असं आपल्याला आजवर कसं सुचलं नाही, याचं वाईट वाटलं. पोटात दारू तशीच असताना मी दोन्ही गोळ्या घेतल्या, वरून तोंडाला वास नको म्हणून एक आख्खी कैरी चावून खाल्ली, आणि आम्ही घरी आलो. सासरे आडवे झाले होते. बाजी जिंकली असं मी समजलो.

फुलं आणायची दोघांचीही राहून गेली होती.

सकाळी धोंड्याचा जावई म्हणून माझा न्हाणीचा मान होता. मेहुण्यानं माझ्या टाळूवर तेल थापायला सुरुवात केली. त्याच्या प्रत्येक थापेला माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकत होते आणि तो खालच्या आवाजात विचारत होता, “बरं वाटायलंय ना, दाजी?” फवारणीचा काडीचाही उपयोग झालेला नव्हता.

न्हाऊन बाहेर आलो तर सासरे ओट्यावर पेपर घेऊन बसलेले. मला शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं. कोणत्या गाडीनं आलात, गर्दी होती का, गाडी कुठं कुठं थांबली, असं सगळं विचारलं. निवृत्त माणसाला दुसरं काय विचारायचं असतं, असं मला वाटलं. नाक गेल्याचा भरवसा होता, म्हणून तोंड न फिरवता मी ऐटीत सांगितलं की, गाडी अहमदपूरला बराच वेळ थांबली, मग लोहा आलं, मग चाकूर, मग थेट लातूर. ते “बरं” म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

सासूबाईंनी चहा आणला आणि माझं तोंड बघून थबकल्या. चेहरा कामून उतरलाय, म्हणाल्या. आता खरं सांगायची सोय नव्हती, म्हणून म्हणालो की, प्रवासानं अंग आंबलंय. बस्स. त्या आत गेल्या, देव्हाऱ्याखालच्या स्टीलच्या डब्यातून एक गोळी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ही माझी गुडघ्याची हाय, पण अंगालाबी चालती. जावयानं सासूच्या हातचं परत कसं करायचं? घेतली.

आमच्याकडं गोळी मागावी लागत नाही. पाहुण्याला चहा येतो तशी ती पुढं येते, आणि नको म्हटलं तर माणसं रुसतात. शिवाय आमच्याकडं गोळीला नाव नसतं. पाकीट कात्रीनं कापून तुकड्या-तुकड्यानं विकत आणलेलं, नाव एका तुकड्यावर आणि गोळी दुसऱ्यावर. म्हणून ती गुडघ्याची असते, डोक्याची असते, अंगाची असते, सर्दीची असते. आणि ज्या अर्थी गुडघा वेगळा आणि डोकं वेगळं, त्या अर्थी गोळ्याही वेगळ्या असणार, एकमेकींच्या वाटेला जाणार नाहीत, एवढा माझा साधा हिशोब होता. वर्गात पोरांना “प्रश्न नीट वाचा, मग लिहा” म्हणून ओरडून ओरडून माझा घसा गेलाय. पण पाकिटाची पाठ वाचावी, असं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

तेवढ्यात गुरुजी आले आणि फुलं कुठायत म्हणाले. मेहुण्यानं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. फुलं नाहीत म्हणून पूजा अडली, पूजा अडली म्हणून नैवेद्य अडला, आणि नैवेद्याआधी जावयाला खायला द्यायचं नाही, कारण मग धोंड्याची भूक मरते. घरभर पुरणाचा वास, माझ्या पोटात काल रात्रीची दारू, एक कैरी, एक कप चहा आणि एक गुडघ्याची गोळी. माझी भूक कधीच मेली होती, पण ते सांगणार कुणाला?

मग बायको आली. तिनं मला एका बाजूला घेतलं आणि डोळे एवढे लाल कशानं, असं विचारलं. इथं येताना तिनं मला देवासमोर कबूल करून घेतलं होतं की, यावेळी भावाच्या नादी लागायचं नाही. म्हणून म्हणालो, सर्दी झालीय. तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग पर्समधून सर्दी-तापाची गोळी काढून माझ्या हातात दिली आणि समोर उभं राहून ती घ्यायला लावली. आजही मला कळत नाही की तिनं ती मायेनं दिली की शिक्षा म्हणून.

डोकं मात्र तसंच. तेव्हा फुलं शोधायला जातो, असं सांगून मी स्वतःच बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवर जाऊन डोक्याची गोळी मागितली. जरा जालीम द्या, असंही म्हणालो. दुकानदार फोनवर बोलत होता. त्यानं मला काही विचारलं नाही, मी त्याला काही सांगितलं नाही, दोघांनाही ते सोयीचं होतं. दोन गोळ्या कापून दिल्या, दोन्ही तिथंच घेतल्या. झेंडूची फुलं घेऊन मी घरी परतलो, तर माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू. सासूबाई लेकाला म्हणाल्या, बघ, जावई असून फुलाची फिकीर त्यांला.

पूजा झाली. पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन फिरवलं. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर दिवा लावून सासूबाईंनी ते माझ्यापुढं ठेवलं. मग धोंडे आले. पुरण भरून उकडलेले, वरून तुपाची धार. पहिला धोंडा खाल्ला. दुसरा तोंडात असतानाच पोटात वरच्या बाजूला कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं झालं. सासूबाई तिसरा वाढत होत्या, मी हात आडवा धरत होतो, त्या हाताच्या फटीतून वाढत होत्या. शेवटी पाटावरून उठलो आणि मोरी गाठली.

पुरण पडलं, त्याचं काही नाही. पण त्याच्या मागून जे पडलं ते चहाच्या चोथ्यासारखं होतं. काळपट, कणीदार. मी त्याच्याकडं बघत राहिलो. काल चहा प्यालो होतो, आज चहा प्यालो, पण चोथा तर प्यालो नव्हतो. नळाला पाणी यायचा दिवस नव्हता, सासूबाई वाटीनं मोजून पाणी वापरत होत्या, तरी मी दोन बादल्या ओतून मोरी धुतली. मागं वळलो तर दारात सासरे, हातात टॉवेल.

काय पडलं, त्यांनी विचारलं. पित्त, मी म्हणालो. त्यांनी मोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि स्कूटरची किल्ली घेतली.

डॉक्टर त्यांच्या ओळखीचे, जवळच दवाखाना. मला टेबलावर बसवलं. सासरे शेजारच्या स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी ठरवलेलं सांगितलं, प्रवास, जागरण, पित्त, डोकं. काही गोळी घेतली का? एक साधी घेतली, मी म्हणालो. दारू वगैरे घेता का? हे त्यांनी सगळ्यांनाच विचारतात त्या सुरात, कागदावरून मान वर न करता विचारलं. मी “नाही, नाही” म्हणालो. एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं.

डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, पोट दाबलं आणि इंजेक्शन भरायला घेतलं. म्हणाले, एक पित्ताचं आणि एक डोक्याचं देतो, डोक्याचं जरा जोरदार आहे. मला बरं वाटलं. सुई मिळाल्याशिवाय आमच्याकडं कुणाला दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही. मी शर्ट वर केला, कुशीवर वळलो, आणि त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवता फिरवता विचारलं, “पोटात जखम वगैरे नाही ना? काळी उलटी, काळी संडास असलं काही? तसं असेल तर हे देता येत नाही. दारू घेतलेली असेल तरी मी देत नाही. पोटातलं रक्त थांबायचं नाही.”

माझं तोंड भिंतीकडं होतं. मागं सुई, आणि सुईच्या मागं सासरे. नाही म्हणालो तर सुई बसणार आणि पोटातला चोथा वाढणार. हो म्हणालो तर इतक्या वर्षांचा इस्त्रीचा शर्ट सासऱ्यांच्या समोरच फाटणार. लाज वाटते सांगायला, पण मी खरोखर विचार करत होतो. कंबर उघडी टाकून, पोटात आग, तोंडाला ती काळी चव, आणि मी विचार करतोय की थोडं रक्त गेलं तर माणसाला चालतं का. मला माझाच इतका वैताग आला की, त्या वैतागातच तोंडातून निघून गेलं.

“डॉक्टर, थांबा. काळी झालीय. आणि काल संध्याकाळी थोडी घेतली होती.”

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. थोडी म्हणजे किती, विचारलं. दोन पेग, मी भिंतीला सांगितलं.

मागून सासऱ्यांचा आवाज आला, अगदी सरकारी. “चार धरा, डॉक्टर.”

मग गोळ्यांचाही एक-एक करून पंचनामा झाला. मेहुण्याला फोन करून घरातली सगळी पाकिटं, तुकडे आणि मेडिकलमधलं उरलेलं अर्धं पाकीट, यांचे फोटो मागवले. डॉक्टरांनी ते बघितले आणि जो त्रागा सुरू केला तो मला दुसऱ्या दवाखान्यात पाठवेपर्यंत थांबला नाही. मेहुण्याच्या गोळीत पॅरासिटामॉल. गुडघ्याच्या गोळीत सुजेचं औषध, आणि जोडीला पॅरासिटामॉल. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, आणि वर गुंगीचं औषध, जे दारूबरोबर घेऊन माणूस गाडी चालवतो आणि मरतो. जालीम गोळीत आयब्युप्रोफेन, आणि जोडीला पुन्हा पॅरासिटामॉल. गुडघा, डोकं, अंग आणि नाक यांना मी एकच औषध चार नावांनी चारत होतो, आणि ते सगळं शेवटी एकाच लिव्हरच्या दारात जाऊन पडत होतं, जे बिचारं आधीच काल रात्रीचं निस्तरत होतं. अजून प्रमाणाबाहेर गेलं नाही, पण घरात आणखी एखादा मायाळू नातेवाईक असता तर गेलं असतं, म्हणाले.

पोटाची वाट लावली ती दुसऱ्या दोघींनी, गुडघ्याची आणि जालीम. दारूनं पोटाचं अस्तर आधीच सुजलेलं, त्यात अन्नाचा कण नाही, आणि वरून ही औषधं, जी भरल्या पोटीसुद्धा जपून घ्यावी लागतात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, दारूवर गोळी टाकायची नाही आणि आधीच तर अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं तर पाणी प्या, काहीतरी खा, झोपा, दुखू द्या. आपल्या करणीनं दुखतंय. अगदीच सोसवलं नाही तर, क्वचित घेणाऱ्या धडधाकट माणसानं जेवून एक साधी पॅरासिटामॉल घेतली तर आभाळ कोसळत नाही. पण एकच, आणि दुसऱ्या कुठल्या गोळीत ती लपलेली नाही ना, हे वाचून. रोज पिणाऱ्यानं तेही डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. आणि उलटी काळी झाली तर मोरी धुवत बसायचं नाही, सरळ दवाखान्यात यायचं. हे शेवटचं त्यांना कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

मोठ्या दवाखान्यात सलाईन लावलं, रक्त तपासलं, घशातून दुर्बीण घालून बघितलं. जठराला ओरखडे पडले होते, रक्त आपोआप थांबलं होतं, लिव्हर सुखरूप निघालं. बायको रात्रभर उशाशी होती.  मेहुणा फिरकलाच नाही. त्याचाही घरच्या डेपोत, सासऱ्यांसमोर, बंदोबस्त झाला असणार, असा मी अंदाज केला.

दुसऱ्या दिवशी सासरे मऊ भाताचा डबा घेऊन आले. स्वतः वाटीत काढून दिला. मी दोन घास खाल्ले आणि मग राहवेना म्हणून विचारलं की, मामा, तुमचं तर नाक गेलंय, मग तुम्हाला कळलं कसं?

ते म्हणाले, नाकाचं कौतुक तुमच्या सासूला. ड्रायव्हर लोक लवंग चावून यायचे, विलायची चावून यायचे, नाकाला काय कळतंय. ते खिडकीत बोलवून घेऊन फक्त विचारायचे, गाडी कुठं कुठं थांबणार ते सांग. शुद्धीवरचा माणूस रोजच्या रस्त्याचे थांबे झोपेतसुद्धा ओळीनं सांगतो. “तुमच्या गाडीला परवा लोह्याच्या आधी अहमदपूर आलं,” ते म्हणाले. “नांदेडहून येताना.”

मग सकाळीच का नाही बोललात, मी विचारलं. धोंड्याचं ताट होतं, तुमच्या सासूनं पंधरा दिवस आधीपासून अनारशाचं पीठ मुरत ठेवलेलं, म्हटलं जेवण होऊ द्या मग बघू, असं म्हणाले. गोळ्यांचं ठाऊक असतं तर पाटावर बसूच दिलं नसतं.

मी मान खाली घालून म्हणालो की, मामा, चुकलं, पुन्हा असं होणार नाही. त्यांनी रिकामी वाटी माझ्या हातातून घेतली, डब्याचं झाकण लावलं, नीट दाबून बघितलं आणि उठले.

“छत्तीस वर्षं नोकरी झाली माझी, जावईबापू. असल्याच्या हातात एकदाबी गाडी दिली न्हाई. पोरगी दिली बघा.”